गणिताच्या वहीचं शेवटचं पान

हर्षालीनं लाल पेनानं समास आखला,
वर लिहिलं: आईचं लग्न.
डावीकडे बाब, उजवीकडे रुपये.
बाईंनी वही तपासायला घेतली तर? मी विचारलं.
ती म्हणाली, बाई शेवटून उघडत नाहीत.

जमा बारा हजार.
भिशीचे आठ, काजूच्या कारखान्यातला बोनस साडेतीन,
आणि पाचशे निशांतच्या डब्यातले,
जे मी घेणार नाही,
पण त्यानं लिहायला लावले.

पहिल्या वेळी मांडव होता, बँड होता,
शालू अकरा हजारांचा.
बाबा सात वर्षं हप्ते भरत होते.
लग्न टिकलं पाच.

मेंदी, हर्षालीनं वाचलं.
मी बोटं पुढे केली:
काजूच्या तेलानं काळी, नखांच्या कडा सोललेल्या.
तिनं मेंदीसमोर शून्य लिहिलं
आणि मग उगाचच
शून्याभोवती पाकळ्या काढल्या.

बायोकाकी उंबऱ्याशी सुपारी कातरत होती.
"दुसरेपणाक ह्या सगळा कित्याक व्हया?
पाट लाव गपचूप, काळोख पडल्यावर.
आमच्या येळाक तसाच लावीत."
पाट म्हणजे बसायचा? निशांतनं विचारलं.
कुणी काही बोललं नाही, अडकित्ता तेवढा वाजला.
मला पाट म्हटला की आठवतो
पोफळीच्या बागेतला, भर दुपारी
उघड्यावर वाहणारा.
काळोखात लावायला
मी कुणाचं काही चोरलेलं नाही.

म्हणून ओरोसची कचेरी.
नोटीस तीस दिवस फळ्यावर:
दोघांची नावं, वयं,
माझ्या नावापुढे घटस्फोटित,
आणि कुणाची हरकत असल्यास कळवावे.
निशांतनं ती ओळ दोनदा वाचली.
रात्री लाईट गेलेली असताना म्हणाला,
मी पण कळवू शकतो?
कळवू शकतोस, मी म्हटलं,
आणि घशात काटा अडकल्यासारखी पडून राहिले.

एसटी: माझं अर्धं तिकीट, हर्षालीचं अर्धं,
निशांत लहान म्हणून अर्धं.
साक्षीदार तिघीजणी, माझ्याच कारखान्यातल्या,
त्यांचंही अर्धं.
आमच्या अख्ख्या वऱ्हाडात
पूर्ण तिकिटाचा माणूस एकच.

सदानंद.
चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा नवरा होणारा,
वेंगुर्ल्याच्या बंदरावर बर्फाच्या कारखान्यात कामाला,
मे महिन्यातही हात गार.
तो आला, पान उभ्यानं वाचलं,
वडे, काळ्या वाटाण्यांचं सांबारं, सोलकढी, माणसं बावीस,
आणि खूप विचार करून म्हणाला,
"बर्फाचो खर्च धरू नको."
बर्फ आम्ही धरलाच नव्हता.
हर्षालीनं तरी नवी ओळ घातली.
बर्फ: काकांकडून.

पंचविसाव्या दिवशी पानाच्या तळाशी
पेन्सिलीनं, निशांतच्या तिरक्या अक्षरात:
हरकत. मी काकांना बाबा म्हणणार नाही.
बाकी नाही.

मी वही लपवणार होते.
सदानंदनं ती माझ्या हातातून घेतली,
कानावरची पेन्सिल काढली
(बर्फाच्या लाद्या मोजायची, जाड टोकाची)
आणि खाली लिहिलं, मान्य.
मग निशांतला विचारलं,
गळ टाकूक येता काय रे तुका?
येत नाही, निशांत म्हणाला.
माका पण नाय, तो म्हणाला.
दोघं जेटीकडे गेले. रिकाम्या हातांनी परत आले,
उशिरा, पाय चिखलानं माखलेले.

काल काकी पुन्हा आली.
साडी बघितली, किंमत विचारली, नाक मुरडलं.
जाताना पाठमोरीच म्हणाली,
"सुरंगी इकत घेव नको. माझ्या परड्यात झाड आसा.
वळेसर मी करतंय."
झाडावर चढणारा मात्र पन्नास मागतो.
हर्षालीनं पन्नास लिहिले, बेरीज केली,
खोडली, परत केली.
दोनशे चाळीस कुठे जातात
ते अजून सापडत नाही.